ही मुद्रा कोणाची?

रविवारच्या मिस्सानंतर दानपेटी उघडून रक्कम मोजण्याचे काम आमच्या धर्मग्रामात दोन तरुणांकडे असते. नाणी एकीकडे, नोटा दुसरीकडे आणि शेवटी वहीत एक आकडा, अशी ती साधी रीत आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी त्यांच्या हाती एक चमत्कारिक नोट लागली. रंगरूप पन्नास रुपयांच्या नोटेचे, महात्मा गांधींची तीच ओळखीची छबी, परंतु मूल्याच्या जागी शून्य! धारकास अमुक रुपये अदा करण्याचे जे वचन खऱ्या नोटेवर छापलेले असते, त्याच्या जागी लाच घेणार नाही आणि देणारही नाही अशी प्रतिज्ञा होती. "फादर, कोणीतरी देवालाच टोपी घातली," असे म्हणत एकाने ती आमच्यापुढे धरली. दुसऱ्याने गंभीरपणे विचारले, "वहीत काय मांडायचे?"

त्या वेळी आम्ही हसलो. परंतु वही मिटल्यावरही तो प्रश्न मिटला नाही. जो कागद स्वतःच आपली किंमत शून्य असल्याचे सांगतो, त्याला खोटी नोट कसे म्हणावे? खोटी नोट छापणाऱ्याची सारी धडपड आपले असत्य खपावे म्हणून असते. ही नोट काढणाऱ्याला मात्र काहीच खपवायचे नव्हते. खऱ्या नोटा ज्या वाटांनी फिरतात त्या वाटांवर त्याला बोट ठेवायचे होते. चलनाची नक्कल करून सत्तेला जाब विचारण्याची ही कला आजची नाही. तिचा माग काढीत आम्ही बरेच दूरवर गेलो आणि आश्चर्य असे की, फिरून फिरून रत्नागिरीलाच आलो. तो प्रवास वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभ अर्थातच शुभवर्तमानापासून केला पाहिजे. कैसराला कर द्यावा की नाही, असा पेच घालून परुशी आणि हेरोदी लोक प्रभू येशूला शब्दांत पकडू पाहत होते. द्यावा म्हटले तर लोक बिथरणार, देऊ नये म्हटले तर रोमी सत्तेचा फास तयार. प्रभूने त्यांच्याकडेच कराचे नाणे मागितले. ही गोष्ट आपण शेकडो वेळा ऐकतो, पण ते नाणे हातात धरून पाहत नाही. अभ्यासकांच्या मते ते बहुधा सम्राट तिबेरियाचे चांदीचे दिनार असावे. त्यावर सम्राटाचा मुखवटा असे आणि भोवतालच्या लेखात तो दैवी ऑगस्टसचा पुत्र असल्याचे कोरलेले असे. म्हणजे एका माणसाने स्वतःला देवपुत्र म्हणवून घेतलेला तो दावा, बाजारहाटातून रोज हातोहात फिरत होता. प्रभूने त्या नाण्याकडे पाहून विचारले ते इतकेच की, हे मुख आणि हा लेख कोणाचा?

या प्रश्नातील 'मुख' किंवा 'प्रतिमा' यासाठी ग्रीक शुभवर्तमानात जो शब्द आहे, तोच शब्द उत्पत्तीच्या पुस्तकाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले त्या ठिकाणी योजलेला आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजच्या तेर्तुल्यनाने हा धागा नेमका पकडला. नाण्यावर कैसराची प्रतिमा आहे म्हणून नाणे कैसराचे. माणसावर देवाची प्रतिमा आहे म्हणून माणूस देवाचा, असा त्याचा अर्थ त्याने लावला. तेव्हा प्रत्येक नाण्याला आणि नोटेला विचारण्याचा पहिला प्रश्न आपल्या प्रभूनेच घालून दिला आहे. पुढचे सारे कलावंत, त्यांना ठाऊक असो वा नसो, तोच प्रश्न विचारीत आले.

मराठी माणसाला नाण्याचे हे राजकारण वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका अंगास 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या अंगास 'छत्रपति'. तांब्याचा तो लहानसा तुकडा बाजारात फिरू लागला म्हणजे भाजी घेणाऱ्या बाईच्या तळहातावर नव्या राज्याची द्वाही फिरत असे. पॅलेस्टाइनात हेच काम उलट दिशेने झाले. १३२ ते १३५ या काळात बार कोखबाच्या नेतृत्वाखाली यहुदी लोकांनी रोमविरुद्ध बंड केले, तेव्हा त्यांनी नवा धातू शोधला नाही. रोमी नाणीच घेतली आणि सम्राटाच्या मुखवट्यावर आपला ठसा मारला. काहींवर यरुशलेमच्या, तेव्हा उद्ध्वस्त झालेल्या, मंदिराचा दर्शनी भाग उमटवला. अशा काही नाण्यांवर आजही नव्या ठशाखाली जुन्या अक्षरांच्या पुसट रेषा दिसतात.

या टीकेतून आपली ख्रिस्तसभाही सुटलेली नाही आणि ते येथे लपविण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकात, धर्मसुधारणेच्या धामधुमीत, जर्मनीमध्ये नाण्यासारखी दिसणारी उपहासाची पदके निघाली. एका बाजूने पाहावे तर पोपचे मुख. पदक उलटे धरावे तर तेच मुख सैतानाचे. दुसऱ्या अंगावर कार्डिनल, आणि उलटे केले की विदूषक! ही पदके द्वेषाने काढलेली होती यात शंका नाही. परंतु पापाच्या दंडमाफीची पत्रे पैशाच्या मोबदल्यात वाटली जात होती, हेही खरे होते. सेमिनरीत असताना या पदकांचे चित्र प्रथम पाहिले तेव्हा आम्हांस राग आला होता. आज दानपेटीची वही लिहिताना त्यांची आठवण होते ती रागाने नव्हे.

आता धातूकडून कागदाकडे वळू. नाण्यात निदान चांदी तरी असते; नोटेत वचनावाचून काही नसते. म्हणून नोटेची खरी विटंबना नोटेच्या वचनावरच बोट ठेवते. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण लंडनचे आहे. फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या ताणामुळे १७९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने नोटेच्या बदल्यात सोने देणे थांबविले आणि एक व दोन पौंडांच्या नोटा मोठ्या प्रमाणावर काढल्या. त्या इतक्या साध्या छपाईच्या होत्या की त्यांची नक्कल कोणीही करावी. नक्कल करणाऱ्याला आणि ती जाणूनबुजून चालविणाऱ्याला शिक्षा मात्र फाशीची. नोटेच्या बदल्यात पुन्हा सोने मिळू लागले ते १८२१ मध्ये. तोपर्यंत या गुन्ह्यापायी तीनशेहून अधिक माणसे फासावर गेली होती. पुष्कळांना लिहितावाचताही येत नव्हते, मग हातातली नोट खरी की खोटी हे त्यांना कसे कळावे?

१८१८ च्या अखेरीस जॉर्ज क्रुकशँक नावाचा तरुण व्यंगचित्रकार न्यूगेट तुरुंगावरून जात होता. तेथे अशाच गुन्ह्यासाठी स्त्रियांना फाशी दिलेले त्याने पाहिले. घरी येऊन त्याने एक नोट रेखाटली आणि विल्यम होन या प्रकाशकाने १८१९ च्या जानेवारीत ती छापून विकली. त्या नोटेवर फासावर ओळीने लटकणारी माणसे आहेत, पौंडाचे चिन्ह दोराच्या वेटोळ्याचे आहे आणि देशाची अधिष्ठात्री ब्रिटानिया आपल्याच लेकरांना गिळते आहे. बँकेच्या अधिकाऱ्याची सही असते त्या जागी सही आहे फाशी देणाऱ्या मांगाची. होनच्या दुकानापुढे ती घेण्यासाठी गर्दी उसळली. आपल्या या एका चित्राने फाशीची शिक्षा रद्द झाली, असे क्रुकशँक उतारवयात सांगत असे. ते खरे मानता येत नाही. खोट्या नोटांच्या गुन्ह्यासाठीची फाशी टप्प्याटप्प्याने पुढच्या दशकांत उठली. परंतु बँकेच्या वचनाची किंमत गरिबाच्या मानेने चुकविली जाते, हे त्या नोटेने लोकांच्या डोळ्यांपुढे आणले, एवढे निःसंशय.

लंडनचा हा कागदी राजा आपल्या किनाऱ्यावर उतरला तो रुपयाच्या रूपाने. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९१७ च्या नोव्हेंबरात हिंदुस्थान सरकारने एक रुपयाची नोट काढली. तिच्यावर पंचम जॉर्जचा मुखवटा असलेल्या चांदीच्या रुपयाचेच चित्र छापले होते. म्हणजे सरकारी नोट हीच मुळी नाण्याची कागदी नक्कल! मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरींवर ज्या रत्नागिरी जिल्ह्याची चूल पेटत असे, तेथील म्हाताऱ्याकोताऱ्यांना हा कागद किती परका वाटला असेल, याची कल्पना करावी. रुपया दगडावर वाजवून घ्यायचा. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. कागद कसा वाजवावा? त्यावर राजाचे चित्र आहे म्हणून विश्वास ठेवायचा, एवढेच हाती उरले.

हा विश्वास राजाकडून काढून घेता येतो, हे चार वर्षांतच दिसून आले. रत्नागिरीच्या टिळक आळीतील ज्या घरात २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्यांचा जन्म झाला, ते घर स्मारक म्हणून जपलेले आहे. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही ते आवर्जून दाखवितो. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत निवर्तले. पुढल्या वर्षी बेझवाडा येथील बैठकीत काँग्रेसने त्यांच्या नावे टिळक स्वराज्य फंड उभारून ३० जून १९२१ पर्यंत एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प केला आणि तो पूर्ण झाला. त्यात मुंबईचा वाटा फार मोठा होता. त्याच सुमारास, मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या खिलाफत समितीने वर्गणीदारांना एक रुपयाच्या पावत्या दिल्या. त्या दिसायला सरकारी एक रुपयाच्या नोटेसारख्याच होत्या. पाहणाऱ्याला क्षणभर नोटच वाटावी आणि मग लक्षात यावे की, यावर पंचम जॉर्ज नाही. गोरखपूरकडील खेड्यांचा अभ्यास करताना इतिहासकार शाहिद अमीन यांनी नोंदविले आहे की, असल्या कागदांना लोक 'गांधी नोट' म्हणू लागले आणि ती नाकारणे म्हणजे गांधींना विरोध करणे, असे मानू लागले.

ही व्यंगचित्रे नव्हती. ती साधी पोचपावती होती. तरीही तिने क्रुकशँकच्या नोटेइतकेच तिखट काम केले. तुमच्या नोटेमागे तरी आमच्या विश्वासावाचून दुसरे काय आहे, असा तो सरकारला केलेला सवाल होता. हा विश्वास आम्ही दुसऱ्या कागदावर ठेवला तर? परंतु या कथेला एक शेवट आहे आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एक-दोन वर्षांतच खिलाफत निधीतील मोठी रक्कम समितीच्या अध्यक्षांच्याच व्यवसायात अडकल्याचे उघडकीस आले आणि लोकांचा फार मोठा विरस झाला. सत्तेच्या वचनाची नक्कल करणाऱ्यावर ते वचन पाळण्याची जबाबदारी सत्तेपेक्षा अधिकच असते. ज्या हातांत लोकांची वर्गणी येते ते हात राजाचे असोत, पुढाऱ्याचे असोत की धर्मगुरूचे, हिशेब सर्वांना सारखाच.

टिळक आळीपासून फार दूर नाही असा, खाडीकडे तोंड करून उभा असलेला थिबा राजवाडा रत्नागिरीस आलेल्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. १८८५ च्या युद्धात ब्रह्मदेशचा राजा थिबा पदच्युत झाला आणि १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीस आणून ठेवण्यात आले. हा राजवाडा त्याला मिळाला १९१० मध्ये, आणि १९१६ च्या डिसेंबरात तो येथेच वारला. त्याची समाधीही येथेच आहे. थिबाचे वडील मिंडॉन यांनी १८६५ मध्ये मंडाले येथे टांकसाळ उभारली होती. तेथील रुपयावर पिसारा फुलविलेला मोर असे. राजा कैदेत गेला, त्याचे राज्य इंग्रजी हिंदुस्थानाला जोडले गेले आणि मोराच्या जागी व्हिक्टोरिया राणीचा रुपया आला. राजवाड्याच्या गच्चीवरून अरबी समुद्राकडे पाहणाऱ्या त्या माणसाचे सरकारी पेन्शनही त्याच रुपयांत मोजले जात असे.

ब्रह्मदेश १९४८ मध्ये स्वतंत्र झाला. परंतु १९६२ पासून तेथे जनरल ने विन यांची लष्करी राजवट आली. १९८७ च्या सप्टेंबरात या राजवटीने २५, ३५ आणि ७५ क्याटच्या नोटा अचानक रद्द केल्या. बदली काहीही दिले नाही. त्यांच्या जागी आल्या ४५ आणि ९० क्याटच्या नोटा, कारण नऊने भाग जाणारे आकडे जनरलसाहेबांना शुभ वाटत! विद्यार्थ्यांनी शिक्षणासाठी साठविलेले आणि शेतकऱ्यांनी पेटीत ठेवलेले पैसे एका दिवसात कागद झाले. त्या संतापातून पेटलेले आंदोलन ८ ऑगस्ट १९८८ रोजी देशभर उसळले आणि लष्कराने ते रक्तात बुडविले.

पुढे १९९० मध्ये एक क्याटची नवी नोट निघाली. तिच्यावर स्वातंत्र्याचे नेते जनरल आँग सान यांची छबी आणि जलचिन्हही त्यांचेच होते. त्यांची कन्या आँग सान सू ची तेव्हा घरात स्थानबद्ध होती. ब्रह्मी लोक सांगतात की, नोट काढणाऱ्या चित्रकाराने जलचिन्हातील पित्याच्या चेहऱ्याच्या रेषा किंचित मृदू केल्या. नोट उजेडापुढे धरली की पित्याच्या जागी कन्येचे मुख दिसे. फुलांच्या नक्षीत आठ-आठ पाकळ्यांची चार वर्तुळे होती, म्हणजे आठव्या महिन्याची आठ तारीख आणि साल अठ्ठ्याऐंशी. लोक ती नोट उजेडाकडे धरून एकमेकांना दाखवू लागले, तेव्हा राजवटीने ती मागे घेतली. येथे नक्कल करण्याचीही गरज उरली नाही. सरकारच्याच छापखान्यात, सरकारच्याच कागदावर, एका नोकरदार चित्रकाराने प्रभूचा प्रश्न लिहून ठेवला की, हे मुख कोणाचे?

ब्रह्मदेशातील त्या रद्द नोटांची हकिकत आम्ही प्रथम वाचली तेव्हा ती परक्या मुलखाची वाटली होती. २०१७ च्या पावसाळ्यात ती आमच्या दारात आली. किनाऱ्यालगतच्या वस्तीत राहणाऱ्या आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध मावशी रुमालात बांधलेल्या पाचशेच्या सहा जुन्या नोटा घेऊन आल्या. दिवंगत नवऱ्याने पेटीतल्या घडीच्या लुगड्यात त्या ठेवलेल्या होत्या, आणि त्या मावशींच्या स्वतःच्या मरणखर्चासाठी होत्या. पाचशे आणि हजाराच्या नोटा ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रद्द झाल्या, बँकेत भरण्याची मुदत ३० डिसेंबरला संपली, आणि लुगड्याची घडी मोडली जूनमध्ये. आमच्या सरकारने मुदत दिली होती, ब्रह्मदेशच्या राजवटीने दिली नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजणे योग्य होणार नाही. परंतु मावशींच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या म्हणाल्या, "फादर, यावर गांधीबाबा आहेत की. मग या खोट्या कशा?" रद्द झालेल्या नोटांच्या मूल्यापैकी ९९.३ टक्के रक्कम परत आल्याचे रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या अहवालात नमूद आहे. जो थोडा अंश परतला नाही, त्यात मावशींच्या या सहा नोटा आहेत. "देवाला तरी चालतील," असे म्हणून त्यांनी त्या दानपेटीत टाकल्या.

खरी नोट अशी एका दिवसात निर्मूल्य होऊ शकते, हे पाहिल्यावर पहिल्यापासूनच शून्य किंमत सांगणाऱ्या नोटेचा अर्थ अधिक उलगडतो. ही शून्याची कल्पना आपल्या आधी ब्राझीलमध्ये एका कलावंताने राबविली होती. तेथे १९६४ ते १९८५ लष्करी राजवट होती. सिल्दो मेइरेलेस या कलावंताने १९७४ ते १९७८ या काळात शून्य क्रुझेरोची नोट काढली. राष्ट्रपुरुषांची चित्रे असतात त्या जागी एका बाजूस एक आदिवासी आणि दुसऱ्या बाजूस मनोरुग्णालयातील एक रुग्ण होता. राष्ट्राच्या हिशेबात ज्यांची किंमत शून्य, त्यांची मुखे शून्याच्या नोटेवर! तेर्तुल्यनाला ही नोट दाखविली असती, तर तिचा अर्थ त्याला समजावून सांगावा लागला नसता.

त्याच कलावंताची दुसरी युक्ती आणखी साधी होती. खऱ्या नोटांवर रबरी शिक्क्याने मजकूर उमटवायचा आणि त्या पुन्हा बाजारात सोडायच्या. पत्रक सापडले तर माणूस भीतीने जाळून टाकतो. पण पैसा कोण जाळणार? २५ ऑक्टोबर १९७५ रोजी व्लादिमिर हेर्झोग हा यहुदी पत्रकार साओ पावलो येथे लष्कराच्या कोठडीत मरण पावला. तो बोलावण्यावरून स्वतःच्या पायांनी तेथे गेला होता. लष्कराने आत्महत्या म्हणून सांगितले. मेइरेलेसने नोटांवर शिक्का मारला आणि त्यात एवढेच विचारले की, हेर्झोगला कोणी मारले? नोटा दुकानातून घरी, घरातून बसमध्ये फिरत राहिल्या. त्याच आठवड्यात, ३१ ऑक्टोबरला, साओ पावलोचे महागुरू कार्डिनल पावलो एव्हारिस्तो आर्न्स यांनी आपल्या कॅथेड्रलमध्ये त्या यहुदी पत्रकारासाठी प्रार्थनासभा घेतली. एक राब्बी आणि एक प्रॉटेस्टंट पाळक त्यांच्या जोडीला उभे होते, आणि पोलिसांचा वेढा असताना हजारो लोक आले. कलावंताने नोटेवर जो प्रश्न छापला, तो महागुरूंनी वेदीपाशी उभे राहून विचारला. मृत्यूच्या दाखल्यावरील कारण अखेर २०१३ मध्ये दुरुस्त झाले. आपल्या ख्रिस्तसभेविषयी ज्या गोष्टींनी आमची मान ताठ होते, त्यांत ही एक आहे. सोळाव्या शतकातील ते पदक आणि साओ पावलोची ती सभा, दोन्ही आमचीच. एक सांगून दुसरे झाकता येणार नाही.

आता आमच्या दानपेटीतल्या नोटेकडे येऊ. शून्य रुपयाच्या नोटेची कल्पना अमेरिकेत भौतिकशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या एका भारतीय प्राध्यापकाची. २००७ मध्ये चेन्नईच्या 'फिफ्थ पिलर' या संस्थेने, विजय आनंद यांच्या पुढाकाराने, ती छापून वाटण्यास आरंभ केला आणि पुढे अनेक भाषांत लाखो प्रती निघाल्या. रीत सोपी आहे. कचेरीत कोणी चहापाण्याचे विचारले, की वाद न घालता ही नोट पुढे करायची. मागणाऱ्याला कळते की, समोरचा माणूस एकटा नाही. कोणीतरी हे कागद छापते आहे आणि पुष्कळांच्या खिशात ते आहेत. लाच ही कुजबुजीत चालणारी गोष्ट आहे, आणि या नोटेपुढे कुजबूज करता येत नाही.

या नोटेवर गांधीजी आहेत, यात इतिहासाचा एक वर्तुळाकार फेरा पुरा झाला आहे. १९२१ मध्ये 'गांधी नोट' हे नाव सरकारी नसलेल्या कागदाला होते. १९६९ मध्ये जन्मशताब्दीनिमित्त गांधीजी प्रथम सरकारी नोटेवर आले आणि १९९६ पासूनच्या मालिकेत ते कायमचे स्थिरावले. मग बोलीभाषेने आपला निवाडा दिला. टेबलाखालून द्यायच्या रकमेलाच काही ठिकाणी लोक 'गांधी' म्हणू लागले. ज्यांनी आयुष्यभर अपरिग्रह सांगितला, त्यांच्या मुखाआड लाच दिली-घेतली जाऊ लागली. शून्य रुपयाची नोट गांधीजींची ही सुटका करू पाहते. त्यांचे मुख तेच ठेवते आणि किंमत काढून घेते, तेव्हा कोठे त्यांच्या शब्दाला पुन्हा किंमत येते.

कायद्याच्या नजरेत अशा कागदांचे स्थान नाजूक असते, हेही नोंदवावयास हवे. चलनी नोटेसारखे दिसणारे कागद छापण्यास जुन्या भारतीय दंडसंहितेच्या ४८९-ई कलमाने मनाई होती. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या संहितेतही तशी तरतूद आहे. तेव्हा कोणी उत्साहाच्या भरात घरी छापखाना काढू नये! परंतु प्रश्न विचारण्यास मनाई नाही. तो विचारण्यासाठी नोट छापावी लागत नाही. हातातली नोट उजेडाकडे धरली तरी पुरते.

त्या रविवारी वहीत काय मांडावे, असे आमच्या तरुणाने विचारले होते. आम्ही त्यास "शून्य" असेच लिहावयास सांगितले आणि ती नोट एका पाकिटात घालून ठेवली. मावशींच्या सहा नोटा आल्या तेव्हा वहीत त्याही शून्यच मांडाव्या लागल्या, कारण बँकेपुढे दुसरा आकडा चालला नसता. त्यांना आम्ही त्याच पाकिटात ठेवले. २०१९ मध्ये मावशी प्रभूघरी गेल्या. धर्मग्रामाने त्यांचा दफनविधी केला आणि खर्च वर्गणीतून भागविला. काही दिवसांनी जमाखर्च तपासताना तो खर्च तीन हजारांहून थोडासा अधिक भरल्याचे आमच्या ध्यानात आले. त्यांनी जे ठेवले होते ते जवळजवळ तेवढेच होते.

पाकीट अजून साक्रिस्टीच्या कपाटात आहे. दानपेटी मोजण्याचे काम नव्या मुलांकडे येते, तेव्हा वही हाती देण्याआधी आम्ही त्यांना ते उघडून दाखवितो. शून्याची एक नोट आणि पाचशेच्या सहा. मुले गोंधळतात, हसतात, मग गप्प होतात. मावशींची हकिकत सांगून झाल्यावर आम्ही पेटीची किल्ली त्यांच्या हातात देतो.